गमरेने पूजा मोडली नव्हती

कुसुम गमरेबद्दल मी आजवर कुठेही बोललो नाही. लिहिणं तर दूरच. कुणी तिचं नाव काढलं की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर दुसऱ्याच कुणाची चौकशी सुरू करायचो. हे मी इतकी वर्षं केलं की पुढेपुढे ते आपोआप व्हायला लागलं.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या ऑफिसातली मंडळी ठाण्याला जेवायला जमली. सगळे सत्तरीच्या पुढचे. जेवणं झाल्यावर गोष्टी निघाल्या आणि कुणीतरी म्हणालं, "ती गमरे आठवते का रे? दसऱ्याला पूजा मोडली आणि कॉम्प्युटर जाळून ठेवला!" सगळे हसले. एकजण म्हणाला, "देवाने लगेच दाखवलं." पुन्हा हसले. मीही हसलो. ओठ हलले एवढंच, पण हसलो.

तेव्हा आता मांडूनच टाकतो. वाचून ज्यांना राग येईल त्यांना येऊ दे. गमरेने पूजा मोडली नव्हती आणि कॉम्प्युटरही जाळला नव्हता.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. वागळे इस्टेटमध्ये आमची फर्म होती. इमारती, पाण्याच्या टाक्या, कारखान्यांच्या चिमण्या यांची आकडेमोड करायची आणि नकाशे काढून द्यायचे, हे आमचं काम. घोडबंदर रोडला तेव्हा झाडी होती, उंच इमारतींचे पहिले कागद नुकते टेबलावर येऊ लागले होते. कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे होता. मी डोंबिवलीहून यायचो. यंत्रं सांभाळायला माणूस हवा म्हणून जाहिरात दिली आणि गमरे आली. राहणार कल्याण पूर्व, वडील रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर, आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स पहिल्या नंबराने पास. उंचीने बेताची, आवाज मात्र असा की पॅसेजच्या टोकाला बसलेल्या माणसाला वाटावं, आपल्यालाच हाक मारली.

पहिल्याच दिवशी मी ओळख करून दिली, "या गमरे बाई."

"बाई नको," ती म्हणाली.

"मग मॅडम?"

"मॅडम पण नको. तुम्हाला सगळे नुसतं दामले म्हणतात ना? मग मी नुसती गमरे."

त्या दिवसापासून ती नुसती गमरे. मोठ्या साहेबांना, म्हणजे फर्मच्या मालकांना, हे फारसं रुचलं नाही. पण गमरे आल्यापासून यंत्रं बंद पडायची थांबली होती. मग रुचून घ्यावं लागलं.

तिचं एक खूळ होतं. यंत्राकडे पाहताना ती आधी पडदा बघायची नाही, कीबोर्ड बघायची नाही. मागे जाऊन पालथा हात कॅबिनेटच्या पाठीला लावायची, आई पोराचा ताप बघते तसा. मग म्हणायची, "हा बरा आहे," किंवा "याला कणकण आहे." कॅबिनेट हा शब्द तिच्या तोंडी नव्हता. ती डबा म्हणायची. नवीन डबा आला की पहिला प्रश्न ठरलेला: "हवा आत कुठून, बाहेर कुठून? एवढं सांगा, मग रंग बघू."

तिच्या हत्यारांच्या पेटीत पान्हे, स्क्रू ड्रायव्हर, रंगवायचा ब्रश आणि अगरबत्तीचा पुडा असायचा. एकदा साहेब अचानक विभागात आले, तर गमरे यंत्रापुढे उकिडवी बसलेली, हातात पेटलेली अगरबत्ती. साहेबांनी चटकन चपला काढल्या आणि हात जोडले.

"काय आज?" त्यांनी हळूच मला विचारलं.

"काही नाही साहेब," गमरेच म्हणाली, "धूर कुठे जातो ते बघतेय. पुढून आत गेला पाहिजे आणि मागून बाहेर आला पाहिजे. हा बघा, पुढेच घुटमळतोय. म्हणजे डब्याला श्वास नाही."

साहेबांनी पुन्हा चपला घातल्या. त्यांना ओशाळल्यासारखं झालं होतं आणि ते गमरेच्या लक्षात आलं होतं. ती हसली नाही. पण हसू दाबलेलं दिसत होतं, आणि साहेबांनी ते बघितलं.

दुसरं खूळ मच्छरदाणीचं. इस्टेटमधली धूळ यंत्रात जाऊ नये म्हणून तिने घरच्या जुन्या मच्छरदाणीचे चौकोन कापून डब्यांच्या पुढच्या फटींना आतून लावले होते. दर शनिवारी ती ते सोडवायची, साबणाने धुवायची आणि आमच्या खिडकीच्या गजांवर वाळत घालायची. बाहेरून येणाऱ्या पार्टीला आधी ही गजांवरची धुणी दिसायची. साहेबांनी मला सांगितलं, "दामले, ते बंद करा." मी गमरेला सांगितलं.

"धुळीला सांगा शनिवारी येऊ नको म्हणून," ती म्हणाली. धुणी चालूच राहिली. मी साहेबांना सांगितलं की बंद केली आहेत, आणि शनिवारी त्यांना त्या बाजूला येऊ दिलं नाही. माझा स्वभाव हा असा. दोन्हीकडे हो म्हणायचं. यात काही बिघडत नाही असं मला बरीच वर्षं वाटायचं.

मग ते मोठं यंत्र घ्यायचं ठरलं. एका कारखान्याची उंच चिमणी आमच्याकडे आली होती. वाऱ्याचा आणि भूकंपाचा हिशेब करायला आमच्या जुन्या यंत्रांना आठवडा लागला असता. तेव्हाच्या मानाने फार ताकदवान असं ४८६ यंत्र मागवायचं होतं. आतला सगळा माल गमरेने निवडला आणि त्यावर कुणी ब्र काढला नाही, कारण त्यातलं कुणाला कळत नव्हतं. कॅबिनेट मात्र सगळ्यांना कळत होतं. ते डोळ्यांना दिसतं ना!

पुरवठादाराने दोन कॅबिनेट आणून टेबलावर ठेवली. एक गुडघ्याच्या वर येणारं, राखाडी, कपाटासारखं. खाली पुढे रुंद जाळी, मागे दोन पंख्यांची जागा. पंखे लावले की गिरणीसारखा आवाज. दुसरं आटोपशीर, दुधासारखं पांढरं, गोल कडांचं, पुढे छोट्या दिव्यांचे आकडे, यंत्राचा वेग दाखवणारे. चालू केलं की हिरवे ६६ लुकलुकायचे. हवेसाठी पुढच्या बाजूला खाली करंगळीएवढ्या चार फटी, बस्स.

"मॅडम, ये इंपोर्टेड पीस है," पुरवठादार म्हणाला.

"आग भी इंपोर्टेड लगेगी क्या?" गमरे म्हणाली आणि अगरबत्ती पेटवली. पांढऱ्या डब्यापुढे धूर सरळ वर गेला. राखाडी डब्यापुढे तो वळला आणि जाळीतून आत शिरला. शाळेतला प्रयोग असावा तसा, लहान मुलालाही कळेल असा.

साहेब मात्र हिरव्या आकड्यांकडे बघत होते. "गमरे, आपल्याकडे पार्ट्या येतात. काचेतून मशीन दिसतं. हे कपाट काय दाखवायचं?"

"पार्टी चहा पिऊन जाते साहेब. मशीन इथेच राहतं. सलग दोन दिवस चालवायचंय तुम्हाला. या डब्यात ते उकडून निघेल."

"एसी आहे की."

"एसी खोलीला आहे. डब्याच्या आत कोण जाणार, मी?"

साहेब माझ्याकडे वळले. "दामले, तुमचं मत?"

मला गमरेचं पटलं होतं. धूर मी डोळ्यांनी बघितला होता. मी म्हणालो, "पांढरं दिसायला चांगलं आहे साहेब. आणि एसी आहेच."

आमच्याकडे पद्धत होती, की कुठलंही यंत्र घेताना मागणीपत्रावर ते सांभाळणाऱ्याचीही सही लागायची. गमरेने सही केली नाही. शेऱ्याच्या रकान्यात तिने तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: "या डब्यात हवा येण्याची वाट पुरेशी नाही. पुढच्या फटी झाकल्या गेल्या किंवा खोली गरम झाली तर लांब कामात यंत्र बंद पडेल. मला मान्य नाही." खाली नाव, तारीख.

"फॉर्म कशाला खराब केलात?" मी म्हणालो.

"खराब नाही केला. भरला."

ते पत्र मी पुढे पाठवलं नाही. दुसरा कोरा फॉर्म घेतला, सांभाळणाऱ्याच्या जागी माझीच सही केली आणि तो पाठवला. पहिला फाडून टोपलीत टाकला. हे आजवर कुणालाही माहीत नाही. गमरेलाही नाही.

पांढरं यंत्र आलं. महिना दोन महिने नीट चाललं, कारण कामं लहान होती. गमरे रोज मागून हात लावायची आणि आपल्या कामाला लागायची. चिमणीचं मोठं काम दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुरू झालं. दसऱ्यानंतर लगेच कागद द्यायचे होते, म्हणून यंत्र सुट्टीतही चालू ठेवायचं ठरलं. दसऱ्याला ऑफिस बंद, पण सकाळी यंत्रांची पूजा असायची. साहेबांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, स्वतः येऊन पूजा करायच्या. मी गमरेला म्हणालो, "सकाळी तासभर येऊन यंत्र बघून जाल का?"

"दसऱ्याला माझा कार्यक्रम असतो कल्याणला," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "येते. अकराला निघेन."

ती आली तेव्हा पूजा आटोपत होती. तिने पांढरी साडी नेसली होती. दसरा म्हणजे त्यांचा धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस, तो किती मोठा, हे मला माहीत होतं. तरी मी तिला बोलावलं होतं आणि तरी ती आली होती. मी कधी याबद्दल तिला एक शब्द बोललो नाही.

निरांजन विझू नये म्हणून एसी आणि पंखे बंद केले होते. ऑक्टोबरचं ऊन काचेवर तापत होतं. नव्या यंत्राला सगळ्यात मोठा मान. वर रेशमी खण, खणावर नारळ, आणि पुढून झेंडूचा जाड हार, त्या चारही फटींवरून आडवा. हिरवे ६६ पाकळ्यांतून डोकावत होते. यंत्र आत चिमणीचा हिशेब करत होतं.

गमरेने मागे जाऊन हात लावला आणि झटक्याने काढला.

"दामले, एसी लावा."

"निरांजन..." मी म्हणालो.

तिने वाट बघितली नाही. नारळ आणि खण दोन्ही हातांनी उचलून जपून बाजूच्या पाटावर ठेवले. हार काढला आणि तोही खाली टाकला नाही, पडद्याच्या वर नीट गुंडाळून ठेवला. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण सरकवून काढलं. आतून भट्टीसारखी हवा आली.

"अगं, पूजा मोडलीस!" वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांना खरंच धक्का बसला होता.

"मोडली नाही वहिनी, सरकवली," गमरे म्हणाली. "तुम्ही ज्याची पूजा केलीत ना, तेच गुदमरत होतं. संध्याकाळपर्यंत झाकण असंच राहू द्या. हार वरच छान दिसतो. एसी लावा. दामले, तुमच्यावर सोडून जातेय."

"हो हो, मी बघतो," मी म्हणालो.

ती गेली. वहिनी खुर्चीत बसून होत्या. म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत पूजा हलवू नये हो दामले. आणि आजच्या दिवशी, तिने..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. साहेबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

मी झाकण लावलं. हार पुन्हा पुढे घातला. फटींवरून, होता तसा. खण घातला, नारळ ठेवला. निरांजन तेवत होतं म्हणून एसी लावला नाही. निघताना लावू म्हटलं, आणि निघताना साहेबांनी जिन्यापर्यंत चिमणीबद्दल बोलत नेलं. घरी जाऊन मी श्रीखंडपुरी जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं तर खोलीत करपल्याचा वास. यंत्र मेलं होतं. हार्ड डिस्कही फिरेना. चिमणीचा हिशेब गेला, मुदत हुकली आणि ते काम आमच्या हातून दुसरीकडे गेलं.

साहेबांनी मला लेखी अहवाल मागितला. मी लिहिलं: "दसऱ्याच्या सकाळी श्रीमती गमरे यांनी पूजेतील हार व नारळ काढून चालू यंत्राचे झाकण उघडले. त्यानंतर यंत्र बंद पडल्याचे आढळले." एवढंच. यातला एकही शब्द खोटा नाही. मी तो अहवाल लिहिताना पुन्हापुन्हा तपासला, खोटं काही राहू नये म्हणून. अर्थ कसा लावला जाईल हे मला पक्कं ठाऊक होतं. गमरेने आमच्या देवाचा मुद्दाम अपमान केला, हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या मजल्यावर झालं होतं.

तिला केबिनमध्ये बोलावलं. मी होतोच. तिने अहवाल वाचला. दोनदा वाचला असावा.

"झाकण मी उघडं ठेवून गेलेले," ती म्हणाली. "आत्ता बघितलं, तर बंद आहे. कुणी लावलं?"

ती माझ्याकडे वळली.

"दामले, झाकण कुणी लावलं?"

मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होतो.

"आणि मी मागणीपत्रावर लिहून दिलेलं. काढा ते."

साहेबांनी फाइल उघडली. "यावर तर दामल्यांची सही आहे. तुमचा शेरा नाही."

गमरेने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती, एखाद्या डब्याचं मोजमाप घ्यावं तशी बघत होती.

"ठीक," ती म्हणाली. "मला दोन तास द्या. जुनं एक मशीन देते त्याच डब्यात बसवून. एसी बंद करा, हार घाला, झाकण लावा. तुमच्या समोर बंद पडतं की नाही बघा."

"पुन्हा पूजेची थट्टा?" साहेब म्हणाले. "गमरे, मला वाढवायचं नाही. माफीचं पत्र लिहा. तुमच्या वहिनींच्या नावाने लिहा. मी विषय संपवतो. नोकरी राहील."

"नोकरी राहील," ती म्हणाली. "आणि नाव?"

"हट्ट करू नका."

"साहेब, काल माझासुद्धा सण होता. मी माझा सण सोडून तुमचं मशीन बघायला आलेले. नारळ मी पाटावर ठेवला, हार मी जमिनीला लागू दिला नाही. माफी ज्याने मागायची त्याने मागावी. मी लिहिणार नाही."

मग तिने तिथेच साहेबांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि राजीनामा लिहिला. तीन ओळींचा. "यंत्र बंद डब्यामुळे बंद पडले. मी कळवले होते. मी नोकरी सोडत आहे." सहीखाली रेघ मारली. हत्यारांची पेटी उचलली आणि जाताना मोठ्याने, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाकीच्या मशीनच्या जाळ्या शनिवारी धुवा. विसराल."

आम्ही विसरलो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आणखी दोन यंत्रं गेली. त्या वेळी कुणी पूजेचं नाव काढलं नाही.

मी त्या फर्ममध्ये निवृत्त होईपर्यंत होतो. गोष्ट दरवर्षी दसऱ्याला निघायची. दरवर्षी तिच्यात थोडी भर पडायची. एका वर्षी तर गमरेने नारळ फेकला होता. मी पाणी प्यायला उठायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझी मुलगी इंजिनिअरिंगला गेली आणि तिला कॉम्प्युटर हवा झाला. कल्याणला एक बाई फार चांगली मशीन जोडून देते, असं डोंबिवलीत दोघातिघांनी सांगितलं. नाव विचारायची मला गरज वाटली नाही. आणि खरं सांगायचं तर मी मुलीच्या कॉम्प्युटरसाठी गेलोच नाही. वाक्य पाठ करून गेलो होतो. "गमरे, झाकण मी लावलं. हार मी घातला. तुमचं पत्र मी फाडलं. माझी चूक झाली." एवढंच. डोंबिवलीपासून कल्याणपर्यंत मनात घोकत गेलो.

दुकान दहा बाय बाराचं असेल. भिंतीभर उघडे डबे. गमरे स्टुलावर बसली होती, केस पांढरे व्हायला लागलेले, डोळ्यांवर चष्मा. तिने मला लगेच ओळखलं.

"बसा दामले," ती म्हणाली. "काय हवंय?"

"मुलीला कॉम्प्युटर."

"काय शिकते?"

"सिव्हिल."

"म्हणजे लांब चालवणार." तिने खोली कुठली, टेबल भिंतीला लागून का, ऊन कुठल्या बाजूने येतं, घरात धूळ किती, सगळं विचारून घेतलं. मी उत्तरं देत गेलो. पुढे ठेवलेल्या तीन डब्यांपैकी देखणा तिने स्वतःच बाजूला काढला. मधला घेतला, मागचा पंखा बोटाने फिरवून बघितला, एक आणखी पंखा पुढे बसवते म्हणाली. "भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायचा. वर कपडा घालायचा नाही. मुलीला सांगा, तुम्ही नका बघू." हे बोलताना तिचा आवाज जराही बदलला नाही. माझ्या मुलीसाठी तिने जे यंत्र जोडलं, ते पुढे कधी एक दिवस बंद पडलं नाही.

सगळं ठरलं. तिने वहीत माझं नाव लिहिलं आणि पेन वहीवर तसंच धरून वर बघितलं. दुकानात आम्ही दोघंच होतो. बाहेर एक रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, तो गेला. गमरे थांबली होती. चांगली थांबली होती. घाई नव्हती तिला.

"अजून काही सांगायचंय, दामले?" तिने विचारलं.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पहिला शब्द तिचं नावच होतं. मी म्हणालो, "गमरे..."

"बोला."

"वायर जरा लांब द्या. प्लग लांब आहे आमच्याकडे."

तिने माझ्याकडे आणखी क्षणभर बघितलं. मग वहीत लिहिलं, लांब वायर.